पंधरापैकी नऊ

लर्निंग लायसनच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांना एक गुरुकिल्ली आमच्याकडे येण्याआधीच कुणीतरी दिलेली असते. तीन पर्यायांतला सगळ्यांत लांब पर्याय बघायचा आणि त्यावर बोट ठेवायचं. मी कराडात आमच्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये थिअरी शिकवते, आणि ही किल्ली बहुतेक कुलपांना लागते हे मला नाकारता येत नाही. ‘झेब्रा क्रॉसिंगपाशी पादचारी रस्ता ओलांडण्यासाठी उभे आहेत. तुम्ही काय कराल?’ पहिला पर्याय, हॉर्न वाजवून पुढे जाईन. दुसरा, वेग कमी करून हॉर्न वाजवत जाईन. तिसरा, गाडी थांबवीन, पादचारी पलीकडे जाईपर्यंत वाट पाहीन आणि मग पुढे जाईन. पोरं प्रश्न वाचतही नाहीत, पर्यायांच्या ओळी मोजतात.

सुरुवातीला मला याचा राग यायचा. मग एका दुपारी वर्ग रिकामा होता तेव्हा प्रश्नपेढी पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग वाचून काढली आणि वाटलं, पोरांना जे सापडलंय ते अगदीच पोकळ नाही. थांबायचं, बघायचं, दुसऱ्याला जाऊ द्यायचं आणि मग निघायचं, एवढं सगळं एका वाक्यात मावायचं तर वाक्य लांबणारच. चुकीच्या उत्तराला दोन शब्द पुरतात. आणखी एक लक्षात आलं. या सगळ्या प्रश्नांत गाडी चालवण्याबद्दल जवळजवळ काहीच नाही. क्लच किती सोडायचा, चढावर गाडी कशी उचलायची, रिव्हर्स घेताना मान कुठे वळवायची, यातलं काही कोणी विचारत नाही. विचारतात ते समोरून येणाऱ्याबद्दल, मागून येणाऱ्याबद्दल, चालणाऱ्याबद्दल, ॲम्ब्युलन्सबद्दल, रस्त्यात जखमी होऊन पडलेल्याबद्दल. माणूस पुढे तीस-चाळीस वर्षं गाडी चालवतो, पण रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाचा विषय त्याच्याशी कोणी काढतं ते एवढ्या एकाच वेळी. म्हणून मी हा तास उरकत नाही, आणि म्हणूनच आमच्याकडे थिअरी फार लांबते अशी तक्रारही असते.

स्कूल सासऱ्यांनी काढलं. क्लच-ब्रेक आधी त्यांच्याकडे, पुढे माझ्या नवऱ्याकडे, आणि फळा माझ्याकडे अशी वाटणी आपोआप झाली, कारण फळ्यापाशी उभं राहायला घरात दुसरं कोणी तयार नव्हतं. ड्रायव्हिंग स्कूलकडे काय काय असायला हवं याची १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत यादीच आहे. फळा, वाहतूक चिन्हांचा तक्ता, पोलिसांच्या हातवाऱ्यांचा तक्ता, इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक शू, पंक्चरचं सामान, बाकं, पुस्तकं, प्रथमोपचाराची पेटी. आमच्याकडे हे सगळं आहे. गिअरबॉक्स इतका जड, की वाऱ्याने दार आपटू नये म्हणून तोच दाराला लावलेला असतो. पुस्तकं कपाटात सुखरूप आहेत. रोजच्या वापरात तेवढा तक्ता.

परीक्षा म्हणावी तर छोटी. १५ प्रश्न, त्यांतले ९ बरोबर आले की पास. प्रत्येक प्रश्नाला सेकंदांचं घड्याळ उलटं फिरत असतं, तेवढीच काय ती धास्ती. नापास झालात तर ५० रुपये भरून पुन्हा बसायचं. शिकाऊ लायसन सहा महिने चालतं, आणि ३० दिवस झाले की पक्क्या लायसनची टेस्ट देता येते. लोकांच्या मनात खरी परीक्षा ती. तिथे आठचा आकडा काढताना पाय टेकला तर दहा जणांसमोर शोभा होते. लेखी म्हणजे फॉर्म, आधार, फोटो यांच्या जोडीचं आणखी एक काम.

आमच्या भागात ऊस आहे, म्हणून ट्रॅक्टर आहेत, आणि म्हणून दिवाळीच्या आधी आमच्याकडे एक वेगळी बॅच भरते. कारखान्याचा हंगाम सुरू व्हायच्या आत लायसन हातात हवं असणारे हे लोक. त्यांतल्या कित्येकांनी शाळा अर्ध्यात सोडलेली. ट्रॅक्टर सोडून ट्रकवर बसायचं म्हटलं तर पूर्वी आठवी पासची अट आडवी यायची; केंद्राने ती २०१९ मध्ये काढून टाकली. गाडी हे लोक मिसरूड फुटायच्या आधीपासून चालवत आलेले असतात. त्यांना भीती वाटते ती वाचायची. म्हणून त्यांच्या वर्गात मी अक्षरांना हातच लावत नाही, आकारांपासून सुरू करते. गोल म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे सावध, चौकोन म्हणजे माहिती. मग उरतात दोन जगावेगळे: ‘थांबा’ची अष्टकोनी पाटी, आणि टोक खाली केलेला त्रिकोण, म्हणजे दुसऱ्याला आधी जाऊ द्या. पाटी चिखलाने माखली, रंग उडाला, उलट्या बाजूने दिसली, तरी आकारावरून कळावी म्हणून या दोघींना वेगळं ठेवलंय. एवढं सांगितलं की त्यांचे चेहरे सैल होतात. तक्ता वाचायचा नसून बघायचा आहे, आणि बघण्यात ते कोणाला हार जाणारे नाहीत.

एका बॅचला अशा लोकांबरोबर विद्यानगरकडची इंजिनिअरिंगची पोरं एकत्र आली. प्रश्न होता घाटाचा. अरुंद चढावर दोन गाड्या समोरासमोर आल्या, आधी कोणी जायचं? कराडातून चिपळूणला जायचं तर कुंभार्ली घाट, त्यामुळे इथे हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. पोरं एकमुखाने म्हणाली, उतरणाऱ्याने. त्यांचा हिशेब असा, की उतारावर ब्रेक लावणं अवघड, चढणारा तर सहज थांबतो. मागच्या बाकावरून एक ट्रॅक्टरवाले दादा म्हणाले, “थांबंल वो, पण परत उचलंल का? मागं दोन ट्रेलर भरल्यात. हाफ क्लचवर उचलाय गेलं तर पुढची चाकं उठत्यात, न्हाईतर सगळं मागं सरकतंय. उतरणाऱ्याला काय, ब्रेक दाबून उभं ऱ्हायचं.” नियम तोच आहे. उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची. पोरांनी मान खाली घालून वहीत लिहून घेतलं. तेव्हापासून हा नियम शिकवताना मी दादांचंच वाक्य जसंच्या तसं वापरते.

सगळ्यांत जास्त भांडण होतं ते अरुंद पुलावर. तुम्ही पुलाजवळ आलाय, पलीकडून दुसरी गाडी पुलावर चढायच्या बेतात आहे. वेग वाढवाल, हेडलाइट लावून पुढे जाल, की समोरची गाडी पूल ओलांडेपर्यंत थांबाल? बरोबर उत्तर थांबण्याचं, आणि त्यावर वर्गात हशा पिकतो. “मॅडम, डिप्पर मारायचा असतो.” आमच्याकडे डिप्परचा अर्थ एकच, मी आलोय, तू थांब. दोन्हीकडून डिप्पर पडले की मग ज्याची गाडी मोठी त्याचं खरं. इंग्लंडात काही वर्षं काढून आलेला एक विद्यार्थी सांगत होता, की तिकडे समोरच्याने दिवा दाखवला तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘ये तू आधी’ असा घेतात. परत आल्यावर गावच्या पुलापाशी टेम्पोचा डिप्पर दिसला, याने आभाराचा हात केला आणि गाडी पुलावर घातली. पुलाच्या मधोमध त्या दोघांचं जे बोलणं झालं ते मासिकात छापण्याजोगं नाही.

मग ठरलेला प्रश्न येतो. “परीक्षेत थांबतो मॅडम. पण रस्त्यावर काय करायचं?” याला मी दोन उत्तरं देत नाही. परीक्षेसाठी एक आणि रस्त्यासाठी एक असं सांगणारा मास्तर पोरांना फार आवडतो, पण त्याचं दुसरं उत्तर तेवढं त्यांच्या लक्षात राहतं.

अपघाताच्या प्रश्नाला हशा पिकत नाही. तुमच्या गाडीने कोणी जखमी झालं तर त्याला उपचार मिळतील अशी व्यवस्था करायची आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवायचं, हे उत्तर सगळ्यांना येतं. उत्तर देऊन झाल्यावर कोणीतरी हळूच म्हणतं, “थांबलं तर लोक मारतात.” यावर नुसतं ‘असं बोलू नये’ म्हणून भागत नाही, कारण खुद्द कायद्यालाही हे ठाऊक आहे. कलम १३४ मध्ये चालकाचं कर्तव्य सांगताना जमावाच्या क्षोभामुळे ते करणं शक्य नसेल तर, असा अपवाद लिहून ठेवलाय. मी ते कलम वाचून दाखवते आणि लगेच पुढचंही वाचते. २०१९ मध्ये घातलेलं १३४-अ, सद्हेतूने मदत करणाऱ्या वाटसरूला कोर्टकचेरीपासून संरक्षण देणारं. जखमीला उचलणारे हात आपण चालकाचेच धरून बसतो, पण त्या जागी आणखी वीस माणसं उभी असतात आणि त्यांना हे कलम माहीत नसतं.

पांढऱ्या काठीचा प्रश्न एका ओळीचा आहे. दृष्टिहीन माणूस पांढरी काठी घेऊन रस्ता ओलांडत असेल तर चालकाने त्या काठीला गाडी थांबवण्याची खूण मानायचं. नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, मी थांबले हे त्यांना कळणार कसं?” वर्ग गप्प झाला. इंजिन चालू ठेवलं तर त्यांना वाटणार गाडी येतेय. बंद केलं तर गाडी गेली की उभी आहे, पत्ता लागणार नाही. हॉर्न दिला तर ते दचकून मागे सरणार. काच खाली करून हाक मारावी, “या काका, मी थांबलेय,” असं कोणीतरी सुचवलं. तोवर मागचा हॉर्न वाजवून डोकं उठवेल, असं दुसरा म्हणाला, आणि तेही खरंच होतं. तो सगळा तास त्या काठीवर गेला. उत्तर निघालं नाही. त्या मुलीला परीक्षेत हा प्रश्न आला असता तर एक गुण मिळाला असता, तिचा स्वतःचा प्रश्न मात्र कुठल्याच पेढीत नाही.

याउलट काही प्रश्न असे आहेत की त्यांची जागाच उरलेली नाही. रखवालदार नसलेल्या रेल्वे फाटकाशी आल्यावर गाडी डाव्या बाजूला उभी करायची, उतरून रुळांपर्यंत चालत जायचं, दोन्हीकडून गाडी किंवा ट्रॉली येत नाही याची खात्री करायची आणि मग ओलांडायचं. कायद्यात तर कंडक्टर, क्लीनर किंवा सोबतच्या माणसाने उतरून पुढे चालायचं असंही आहे. ब्रॉडगेजवरची असली फाटकं रेल्वेने जानेवारी २०१९ पर्यंत संपवली, आणि कराडवरून जाणारा पुणे-मिरज मार्ग ब्रॉडगेजच. माझ्या विद्यार्थ्यांना हे फाटक बहुधा कधीच भेटायचं नाही, तरी पाठ करावं लागतं.

मला विचारलं तर हा प्रश्न काढून त्या जागी उसाचा ट्रेलर घालीन. हंगामातली रात्र, रस्त्याच्या कडेला भरलेला ट्रेलर पंक्चर होऊन उभा, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, चाकांना दगड लावलेले, ऊस दोन्ही अंगांनी हातभर बाहेर आलेला. तुम्ही मोटरसायकलवर आहात आणि समोरच्याने हेडलाइट अप्परवर ठेवलाय. काय कराल? तीन पर्याय कोणते द्यायचे ते मला अजून सुचलेलं नाही. ट्रॅक्टरवाल्यांच्या बॅचला मी हा प्रश्न उलटा घालते. ट्रेलर तुमचा आहे, आता सांगा. “मालकानं टेप आणून दिली तर लावतो की,” असं उत्तर येतं. मालकाची वाट कोण बघणार? लाल चकाकणाऱ्या टेपची गुंडाळी मी आता टेबलाच्या खणातच ठेवते आणि फॉर्मबरोबर तुकडे कापून देते. नवरा म्हणतो, हे फीमध्ये धर. धरलेलं नाही.

दहावीचा निकाल लागला की आईवडील येतात. सोळाव्या वर्षी लायसन मिळतं असं त्यांनी ऐकलेलं असतं. मिळतं, पालकांच्या संमतीने, पण ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीचं. कायदा १९८८ चा, तेव्हा गल्लोगल्ली लुना होती. आज शोरूममधली पेट्रोलची स्कूटर बहुतेक करून ११० किंवा १२५ सीसीची. म्हणजे पोराला लायसन मिळेल, पण त्या लायसनवर चालवायची गाडी दुकानात नाही. हे सांगितलं की वडील म्हणतात, “गल्लीतल्या गल्लीत चालवंल.” मग मी २०१९ ची दुरुस्ती काढते. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द, मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. वडील दंडाच्या आकड्याशी अडतात, मुलगा शेवटच्या अटीशी. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, त्यानंतर काही महिने हे फारसं समजावावं लागलं नाही. जामिनाच्या वेळी त्या मुलाला लिहायला सांगितलेला ३०० शब्दांचा निबंध मात्र आमच्या वर्गात थट्टेचा विषय होऊन बसला. कोणाचं उत्तर चुकलं की मागून आवाज यायचा, “निबंध!” मी हसू आवरायचे. पोरांनी त्या प्रकाराची केलेली परीक्षा मला बरोबर वाटली होती.

जून २०२१ पासून महाराष्ट्रात ही परीक्षा घरबसल्या देता येते. सासरे ज्या काळाच्या गोष्टी सांगतात त्यात साहेब तक्त्यावर छडी ठेवून तोंडी विचारायचे, मग आरटीओत कॉम्प्युटर आले, आता मोबाइल. डोंगराकडच्या गावांतून एसटीने येणाऱ्या बायकांचा अख्खा दिवस वाचला, मजुरी बुडायची थांबली. याला मी नावं ठेवणार नाही. पण परीक्षा घरात आली आणि परीक्षेला कोण बसायचं हे घर ठरवू लागलं. “मॅडम, तुम्हीच द्या ना, तुम्हाला पाठ आहे,” हे म्हणताना कोणाला संकोचही वाटत नाही. एका नेट कॅफेवाल्याने तर पास करून देण्याची हमी देणारी पाटी लावली होती. मग मी आमच्यापुरता एक नियम केला, लेखी कशीही झालेली असो, माझे तास झाल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावायचा नाही. काही जण दुसऱ्या स्कूलला गेले. जाऊ देत.

याच नियमामुळे एक काकू वर्गात आल्या. काका सोबत होते आणि त्यांना घाई होती. “लेखी पोरानं मोबाइलवर देऊन टाकलीय हिची. तुम्ही फक्त गाडी शिकवा.” मी म्हटलं, मुलाने लेखी दिली, तर गाडीही मुलालाच शिकवू. काकूंना हसू आलं, काकांना नाही. चाळिशी ओलांडलेली म्हणून डॉक्टरचा दाखला जोडलेला होता. त्यात सगळं ठीक होतं. दहावीनंतर काकू बाकावर बसल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी येताना शंभर पानी वही आणि लाल पेन घेऊन आल्या. प्रश्नाखाली उत्तर, उत्तराखाली ‘का?’ असं लिहायच्या, आणि ‘का?’च्या पुढची जागा मोकळी राहिली की मला धरून बसायच्या. फुटपाथ नसेल तर चालणाऱ्याने रस्त्याच्या उजव्या कडेने का चालायचं? समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून, असं सांगितलं तर म्हणाल्या, “मग आम्ही रोज सकाळी डावीकडून चालतो ते मरायला होय?” दुसऱ्या दिवसापासून त्यांचा अख्खा मॉर्निंग वॉकचा ग्रुप बाजू बदलून चालू लागला.

पंधरा-वीस दिवसांनी काका स्कूलच्या दारात. “मॅडम, हिला काय शिकवलंय तुम्ही? मी गाडी चालवतोय आणि ही शेजारी बसून सारखी टोकते. अहो, सलग पिवळी रेघ आहे. अहो, पुढं शाळा आहे. अहो, इंडिकेटर. पंचवीस वर्षं गाडी चालवतोय मी!” त्यांचं लायसन तेव्हाचं, एजंटाने घरी आणून दिलेलं. मी म्हटलं, बसा की, तुमचीही एकदा घेऊ. काकूंनीच वही उघडून प्रश्न वाचायला घेतले. काका तोऱ्यात सुरू झाले, मध्ये अडखळले, आणि चौदाव्या प्रश्नापर्यंत आठ बरोबर आले. पंधरावा काकूंनी राखून ठेवला होता, अरुंद पुलाचा. काकांनी क्षणाचाही विचार न करता हेडलाइट लावला.

“उत्तर चूक आहे तुमचं,” काकू म्हणाल्या.

“माझं कसं चूक? पुस्तक चूक आहे. असं पुलापुलाला थांबत बसलं तर माणूस घरी कधी पोचायचा? मॅडम, तुम्ही सांगा ना वर कुणाला तरी, बदलून घ्या हे.”

काकूंनी वही मिटली आणि पर्समध्ये टाकली. “पन्नास रुपये भरा,” त्या म्हणाल्या, “आणि पुन्हा या.”